आषाढ आमरीजवळची बैठक

सड्यावर आलात की आधी बसायची जागा शोधा. गवतावर नको, उघडा जांभा दिसेल तिथं बसा. आषाढात गवत नुकतंच वर येत असतं आणि त्यात कोण कोण डोकं काढतं आहे ते उभ्या माणसाला दिसत नाही. ज्या फुलासाठी आपण आलो ते जेमतेम वीतभर उंचीचं. बुटाखाली कधी गेलं तेही कळणार नाही. खडक ओला असेल, कपडे भिजतील, हे धरूनच चला. पाठ पश्चिमेकडे करा, वारा तिकडचा आहे.

सड्यावर जाणं जमणार नसेल तर घरी खिडकीशी बसून वाचलं तरी चालेल. एक परिच्छेद झाला की वाचणं थांबवा. पुढे काय आहे याची उत्सुकता वाटली तर ती थोडा वेळ तशीच राहू द्या.

श्वास मोजायला सांगणार नाही. इथं मोजायला सरी आहेत. सर येते, समोरचं सगळं पुसलं जातं, सर जाते, दोन-चार मिनिटांची उघडीप मिळते, की पुन्हा ढग जमिनीला टेकतो. सर असेपर्यंत काहीच करायचं नाही. उघडीप मिळाली की पाहायचं. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा ही शिस्त पाळायची की नाही हे ठरवणं आपल्या हातात नाहीच.

पहिल्या उघडिपीत फुलाकडे जायचं नाही. बसल्या जागी तळहात खडकावर टेकवा.

खडबडीत लागेल, भोकाभोकांचा. हा दगड मुळात असा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या माथ्यावर पाऊस पडत राहिला. विरघळण्यासारखं जे जे होतं ते पाण्याबरोबर गेलं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तळहाताखाली आहे ते हे मागे राहिलेलं. तांबडा रंग लोहाचा. खाली कोकणात याच जांभ्याचे चिरे काढून घरं बांधतात. इथं वर, कासला, पाचगणीच्या टेबललँडवर, आंबोलीजवळच्या सड्यांवर, त्याच्या खळग्यांत बोट-दोन बोटं माती साठते आणि पावसाळ्यापुरती एक दुनिया त्या मातीवर उभी राहते.

माती म्हणायची, पण तिच्यात पोटाला फारसं काही नाही. आसपास पाहिलंत तर तिथले रहिवासीच ते सांगतील. दवबिंदू आपल्या चिकट केसांवर किडे धरून खातो. सीतेची आसवं वरून इतकी नाजूक निळी-जांभळी दिसतात, पण खाली ओल्या मातीत त्यांचे बारीक बारीक फुगे जीवजंतूंना आत ओढून घेत असतात. नत्र मिळत नाही म्हणून वनस्पतींना शिकार करावी लागते, अशी ही जागा. आपण जिच्याजवळ जाणार आहोत ती शिकार करत नाही. तिनं पोटाची सोय वेगळी लावली आहे. ती कशी, याकडे सावकाश जाऊ. आत्ता फक्त हाताखालचा दगड.

सर आली असेल तर थांबा.

आता पान. ऑर्किड, म्हणजेच आमरी, म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे फुलवाल्याकडच्या जांभळ्या काड्या येतात, तर कुणाला आंब्या-जांभळाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. आषाढ आमरी झाडावर चढत नाही. ती जमिनीतली. गवताच्या कोवळ्या पात्यांमध्ये एक गोलसर, खोडाशी हृदयासारखी खाच पडलेलं पान जमिनीला अगदी चिकटून पसरलेलं दिसेल. बहुधा एकच. क्वचित दुसरं. बस्स, एवढाच तिचा हिरवा संसार.

या पानाकडे पाहताना डोळे जरा सैल सोडा. कडेपासून मधल्या भागाकडे या, पुन्हा कडेकडे जा. हवेत उचललेलं, वाऱ्यावर हलणारं पान पाहायची आपल्याला सवय असते. हे हलत नाही. सड्यावरच्या वाऱ्याला त्यात धरण्यासारखं काही सापडत नाही, आणि चरायला आलेल्या गुरांच्या जिभेलाही ते सहजी उचलता येत नाही. मात्र जमिनीला चिकटून राहायचं तर ऊन मिळायला हवं, आणि ऊन मिळतं ते आजूबाजूचं गवत बुटकं आहे तोवरच. श्रावणाच्या मध्यापासून गवत वर चढतं. म्हणजे हिच्या हातात काही आठवडे आहेत. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की पान पसरायचं, आषाढात फुलायचं, आणि गवताची सावली अंगावर येईपर्यंत वर्षभराची कमाई करून ठेवायची.

ही घाई आपल्याला दिसत नाही. तुमच्या बैठकीच्या वेळात पान केसभरही हललेलं दिसणार नाही. तरीही ते ढगातून गाळून आलेल्या करड्या उजेडावर पूर्ण वेगानं काम करतं आहे. स्थिर बसलेल्या देहाला आपण निवांत समजतो. पानाच्या बाबतीत ही समजूत थोडा वेळ बाजूला ठेवून पाहा.

एक सर जाऊ द्या.

मग दांडीवरून वर या. पानाच्या मधून निघालेली, हिरवी, सरळ. तिच्या टोकाशी एक, दोन, कधी चार-पाच पांढरी फुलं. देहाच्या मानानं फुलं मोठी. १९३२ साली एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी हिचं आजचं शास्त्रीय नाव, हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, छापून प्रसिद्ध केलं. ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे, जेझुइट पाद्री, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायला आलेले. तिथला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. वीतभर झाडाला एवढं लांबलचक नाव झेपतं कसं, असं मनात येतं खरं. सड्यावरच्या लोकांनी महिना पाहिला आणि आषाढ आमरी म्हणून मोकळे झाले.

एकच फूल निवडा. समोरून पाहा. वरच्या बाजूला टोपडं, खाली तीन भागांत कापलेला ओठ. ओठ ही खरं तर पाकळीच, पण आमरीच्या कुळात तिचं काम वेगळं असतं: येणाऱ्या पाहुण्याला ती दार दाखवते. आता जरा बाजूनं पाहा. फुलाच्या मागे एक बारीक, लांब, लोंबती नळी दिसेल. ती शुंडिका. मध तिच्या तळाशी.

आणि फुलाला दांडीशी जोडणारा जो भाग देठ वाटतो, तो देठ नव्हे, तो बीजांडकोश. त्याच्याकडे नीट पाहिलंत तर त्याला पीळ पडलेला दिसेल. कळी असताना हा ओठ वरच्या बाजूला होता. उमलायच्या आधी अख्खं फूल अर्धा फेरा फिरलं आणि ओठ खाली आला, पाहुण्याला समोर यायला सोपं व्हावं असा. जगातल्या बहुसंख्य आमऱ्या असा फेरा घेतात.

हे नुसतं वाचून पुरत नाही, हातानं करून पाहा. उजवा हात पुढे धरा, तळवा आकाशाकडे. आता तो जमिनीकडे वळवायला सुरुवात करा, पण इतक्या सावकाश की हात फिरतो आहे हे तुम्हालाही जेमतेम जाणवावं. मध्यावर, तळवा उभा असताना, थांबावंसं वाटेल. थांबू नका. कोपराच्या अलीकडे कातडीला पीळ बसेल, तो जाणवू द्या. पूर्ण वळल्यावर हात तसाच धरा. पुन्हा सुलटा करायची ओढ होईल, ती होऊ द्या, पण हात हलवू नका. फूल सुलटं होत नाही. तो पीळ अंगात ठेवूनच ते उमलतं, आणि फळ धरलं तर त्याच जागी धरतं.

हात खाली घ्या.

आता रात्र कल्पा. सड्यावर दिवा नाही, ढगाआडून जेवढा येईल तेवढाच उजेड. निळी आभाळी, जांभळा तेरडा अंधारात विरून जातात. पांढरं तेवढं उरतं. पांढऱ्या, लांब शुंडिकेच्या हाबेनारियांचा धंदा बहुतांशी पतंगांशी, रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या. पतंग येतो, सोंड नळीत घालतो, आणि मधापर्यंत पोचण्यासाठी डोकं पुढे रेटतो. तेवढ्यात फुलाचे परागपुंज, तळाशी चिकट गोल असलेले, त्याच्या सोंडेला किंवा डोळ्यालाच चिकटतात. तो मध पितो आणि ते ओझं घेऊन निघतो.

या निघण्याबद्दल चार्ल्स डार्विननं एक गोष्ट टिपून ठेवली आहे. १८६२ च्या त्याच्या आमऱ्यांवरच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या, हिच्याच गोतातल्या एका भूआमरीचं वर्णन आहे. त्यानं टोक काढलेली पेन्सिल फुलात घातली, बाहेर काढली, परागपुंज पेन्सिलीवर उभे होते. मग पाहता पाहता ते पुढे झुकले. सुमारे तीस सेकंदांत. उभे असते तर पुढच्या फुलातल्या चुकीच्या जागी लागले असते. झुकल्यावर नेमके स्त्रीकेसराच्या चिकट जागेवर जातात. आणि तेवढ्या तीस सेकंदांत किडा बहुधा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेला असतो.

श्वास मोजायचा नाही म्हटलं होतं. आता एकदाच मोजा. सहा-सात संथ श्वास म्हणजे ती तीस सेकंदं. एवढ्या वेळात अंधारात, उडत्या पतंगाच्या तोंडावर, एक बारीकशी दांडी वाकते. पतंगाला त्याची खबर नाही. तो मधाचा हिशेब पुरा करून निघालेला आहे.

पुढचा भाग लांब आहे. पाऊस लागून राहिला असेल तर बरंच.

फळ धरलं की त्यात हजारो बिया होतात. धुळीसारख्या, एकेक मिलिमीटरचाही काही अंश. खाली कोकणात नारळ बघा: कोंब बाहेर यायच्या आधी आईनं खोबरं-पाणी सगळं बरोबर बांधून दिलेलं. आमरी आपल्या बीला अशी कसलीही शिदोरी देत नाही. सालीच्या जाळीदार पिशवीत पेशींचा एक इवलासा पुंजका, एवढंच. बी हलकं राहतं, वाऱ्यावर दूर जातं, आणि जिथं पडतं तिथं उपाशी पडतं. ओल आहे, माती आहे, ऊब आहे, तरी ते रुजू शकत नाही. मुळं काढायला, पान काढायला लागणारं बळच त्याच्यापाशी नाही.

मग रुजतं कसं, हे कोडं बागाईतदारांनाही बराच काळ छळत होतं. इंग्लंडमधले माळी आमरीचं बी तिच्याच कुंडीत, मुळांपाशी टाकत. कधी उगवे, बहुतेकदा नाही. १८९९ च्या मे महिन्यात नोएल बेर्नार हा पंचवीस वर्षांचा फ्रेंच तरुण लष्करी सेवेत असताना फॉन्तेनब्लोच्या जंगलात हिंडत होता. पानांच्या थराखाली दबलेली, फळांसकट पडलेली एक आमरीची दांडी त्याला सापडली, आणि तिच्यातल्या बिया रुजलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक रुजलेल्या बीत बुरशीचे तंतू. बी रुजतं ते बुरशी आत शिरते म्हणून, हे त्यानं ओळखलं. छत्तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे १९२२ साली अमेरिकेत ल्युइस नड्सननं बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर आमरीचं बी रुजवून दाखवलं. आज दुकानात मिळणाऱ्या ऑर्किडांच्या मागे ही साखर आहे. सड्यावर साखर नाही. इथं बुरशीच.

तेव्हा मन आता जमिनीखाली न्या. बोटभर खोल. अंधार, ओल, कुजत्या गवतमुळांचा वास. बुरशीचे तंतू सगळीकडे पसरलेले, कुजणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून थोडं थोडं काढत. त्यातला एखादा तंतू त्या धुळीच्या कणाशी येतो आणि आत शिरतो. पेशीत जाऊन वेटोळी घालतो. आणि आमरीचं ते पोर ती वेटोळी पचवतं. पुन्हा तंतू येतो, पुन्हा वेटोळं, पुन्हा पचतं. काही भूआमऱ्यांमध्ये हे महिनोन्‌महिने चालतं, काहींत वर्षानुवर्षं. या सगळ्या काळात तिला हिरवं पान नाही, वर आकाश आहे याचा पत्ता नाही. जे काही अंग धरलं ते दुसऱ्याच्या कमाईवर.

याला लोक मैत्री म्हणतात. मला तो शब्द फार गोड वाटतो. शिरकाव करणाऱ्याला खाऊन टाकणं ही कसली मैत्री? पण लूट म्हणायलाही जीभ धजत नाही, कारण पुढची गोष्ट निराळी आहे. २००६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हिरव्या पानाच्या एका भूआमरीत दाखवलं, की पान कमावतं झालं की त्यातली काही साखर बुरशीकडे जाते. देणं सुरू होतं. ज्या तंतूनं पोसलं त्याच तंतूला ते मिळतं असं कोण सांगणार. तो तंतू तर केव्हाच पचला.

इथं थोडं थांबू.

तुमचं स्वतःचं पान नव्हतं त्या दिवसांकडे जा. त्या काळात ज्यांनी पोसलं त्यांच्यातलं एक माणूस आठवा. आई-वडील नकोत, ते फार लवकर आठवतात आणि मग मन तिथंच थांबतं. जरा कडेचं माणूस शोधा. महिन्याचे पैसे थकले तरी ताट वाढणाऱ्या मेसच्या काकू. नोकरीच्या गावी पहिल्या रात्री पथारी टाकायला जागा देणारा, ज्याचं आडनावही आता नीट आठवत नाही असा कुणी. फी भरून टाकणारे आणि त्याचा पुन्हा उल्लेख न करणारे मास्तर. ते माणूस पुन्हा भेटलं नसेल. भेटलं असतं तरी काय दिलं असतं? त्या देण्याचा आकार बदलून गेलेला आहे. ते आता तुमच्या हाडामांसात आहे. आभार मानू नका, अपराधीही वाटून घेऊ नका. फक्त तो चेहरा पावसात थोडा वेळ राहू द्या.

याच दिवसांत कास-पाचगणीच्या या सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडून, लोणंद-फलटणच्या वाटेनं माउलींची पालखी पंढरपूरकडे चाललेली असते. इथल्या पावसाच्या मानानं तिकडे फारच थोडा पडतो. गावोगावी लोक वारकऱ्यांना भाकरी वाढतात. ज्याला वाढलं तो संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामी गेलेला असतो.

सर गेली का पाहा. गेली असेल तर नजर पुन्हा पानावर आणा, आणि तिथून सरळ खाली, कंदाकडे.

तिच्या मुळाशी या वेळी दोन कंद आहेत. एक गेल्या वर्षीचा. हे पान, ही दांडी, ही पांढरी फुलं त्याच्याच बळावर उभी राहिली. तो आता सुरकुतत चालला आहे. दुसरा यंदाचा, पान जे कमावतं आहे ते साठवणारा, दिवसागणिक भरत जाणारा. श्वास सोडताना जुन्या कंदाकडे लक्ष द्या, घेताना नव्याकडे. मुद्दाम लांब श्वास घ्यायची गरज नाही. काही आठवड्यांत जुना संपेल; गवताखाली पानही पिवळं पडून जाईल. मग जे उरेल ते सगळं त्या एका नव्या कंदात. एप्रिलमध्ये हाच खडक तापून हात ठेवू देत नाही, वर गवत वाळून करकरतं, कधी वणवाही फिरून जातो. वर्षातला बराच मोठा काळ आषाढ आमरी म्हणजे केवळ तो कंद.

कंदात साठा असतो म्हणूनच त्याच्यावर माणसाचा डोळा. आयुर्वेदातल्या अष्टवर्गात ऋद्धी आणि वृद्धी या नावांनी जे कंद येतात ते हिमालयातल्या, हिच्याच नात्यातल्या भूआमऱ्यांचे मानले जातात. च्यवनप्राशाच्या पाठात ते आहेत. कंद खणला की झाड संपलं, तिथं पान तोडण्यासारखी सवलत नाही. ऑर्किडांचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत आहे ते उगाच नव्हे. घरच्या कुंडीत लावू म्हणून मातीसकट उपटून नेणारे हौशी लोक त्यापेक्षा निराळे, पण फळ तेच. कुंडीत तो खडक नसतो, ती बुरशी टिकत नाही, आणि एखाद-दोन पावसाळ्यांत कुंडी रिकामी होते. फोटो काढायचा असेल तर काढा, पण आधी गुडघा कुठं टेकवता आहात ते पाहा.

सप्टेंबरात कासला गर्दी लोटते, आगाऊ नोंदणी करून यावं लागतं, गाड्यांच्या रांगा लागतात. गेंद, तेरडा, सीतेची आसवं सडा रंगवून टाकतात आणि ते पाहण्यासारखं असतंच. तोवर आषाढ आमरीचं फूल, फळ, बी सगळं उरकलेलं असतं.

उठायच्या आधी आसपास पुन्हा एक नजर फिरवा. पान आहे पण दांडी नाही, अशा आमऱ्या दिसतील. फुललेल्यांपेक्षा जास्तही दिसतील. काहींचा कंद अजून लहान असेल. काही गेल्या वर्षी फुलून, फळ धरून दमल्या असतील. कंदवाल्या आमऱ्या दर वर्षी फुलतातच असं नाही. यंदा त्या नुसतं पान पसरून भरणा करत आहेत. पुढची बैठक अशा एखाद्या पानाजवळ घ्या. तिथं नजर ओढून घ्यायला पांढरं काही नसतं, म्हणून क्रम उलटा ठेवलेला बरा: आधी कंद, मग बुरशी, मग पान, आणि दगड सगळ्यात शेवटी. वेळ मात्र फुलाला दिला होता तेवढाच द्या.